मूठ

ही गोष्ट २००४ सालची, जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १० मधल्या क्वार्टरातून अलमेलू मामींचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. त्यांचे यजमान कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातून रिटायर झाले होते आणि दोघं कायमची कुंभकोणमला निघाली होती.

मागच्या व्हरांड्यात एकच वस्तू उरली होती, कॉफी दळायची मशीन. लाकडी फळीवर बसवलेली, काळ्या बिडाची, वर बिया टाकायला नरसाळं, बाजूला वाकडा दांडा आणि दांड्याला लाकडी मूठ. हात लागून लागून मूठ गुळगुळीत झाली होती.

"मेरी नानी उखल में कूटती थी," मामी म्हणाल्या. "अम्मा के पास लकड़ी का डब्बा था, घुटने में पकड़ के घुमाती थी. बाद में ये आया. अभी बेटा बिजलीवाला लिया है. बटन दबाओ, हो गया. लेकिन पौडर गरम हो जाता, खुशबू सब चला जाता." मग त्यांनी मशीन फळीसकट पुढे सरकवली. "ये तुम रखो, सत्यशीला. याद रहेगा."

सत्यशीला क्वार्टरांच्या त्याच लाइनीत राहायची. तिच्या शेजारची मथुराच आधी म्हणाली, "घे वं! नशीब काढलं तू. मले वाटलं, मलेच देतीन."

तसं वाटणं बरोबरच होतं. बावीस वर्षं दर रविवारी मामी याच व्हरांड्यात बिया भाजायच्या आणि लाइनीतल्या बाया आळीपाळीने दांडा फिरवायच्या. मथुरा फिरवायची, साहूबाई फिरवायची. सत्यशीला उठली की मात्र मामी लगबगीने स्वतः दांडा धरायच्या. "तुम बैठो, थक जाओगी." कॉफी सगळ्यांबरोबर तिलाही मिळायची, गरम, वर फेस असलेली. मामी वाईट नव्हत्या. सत्यशीलाच्या नवऱ्याला, श्यामरावांना, टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर दोन वेळचा डबा त्यांच्याच घरून आला होता. पण सत्यशीलाच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्या दांड्याला तिचा हात कधी लागला नव्हता. का, ते मामींना ठाऊक होतं आणि तिलाही. बोललं कोणीच नाही.

"मले फिरवता येत नाही, मामी," सत्यशीला म्हणाली. "शिकवा."

मथुरा हसली. "अवं, जातं फिरवून मोठी झालेली बाई तू! याच्यात का शिकाचं आहे?"

"जातं येते. हे नाही येत." तिने मूठ धरली आणि तशीच उभी राहिली. "हात धरून शिकवा, मामी."

तिला मशीन नकोच होती. एकदा, सगळ्यांसमोर, मामींचा हात आपल्या हातावर पाहिजे होता. एवढंच. पण आता तो क्षण आला तर आतून काहीच उठेना. राग नाही, धाकधूक नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तोही तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"सिखाना क्या है इसमें," मामी म्हणाल्या. सत्यशीलाने मूठ सोडली नाही. समोरून यजमानांची हाक आली. मामींनी पदर खोचला, पुढे झाल्या आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला. दांडा फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. आत बिया नव्हत्या, नुसते दातावर दात घासले.

"बस. इतना ही है."

मग मामी कोपऱ्यातल्या नळाशी गेल्या. तोटी उघडली, हात चोळून चोळून धुतले, पदराला पुसले. वळून पाहतात तर दारात सत्यशीलाची मुलगी आम्रपाली उभी, एकटक बघत.

"मशीन को तेल लगा है," मामी म्हणाल्या.

सत्यशीलाने आपला तळहात पाहिला. कोरडा होता. त्याला कॉफीचा वास येत होता.

"हो," ती म्हणाली. "संभाळून जा, मामी."

घरी आल्यावर आम्रपालीने मशीन पायानेच सरकवली. "आई, फेंक दे इसको. तुह्या हाताले लागलं का तेल?"

"तू जेवली का?" सत्यशीला म्हणाली.

मामींचे पोंगलला फोन यायचे, सहा-सात वर्षं. मग त्यांच्या मुलाचा एकच फोन आला. मथुराने बोरसीला घर बांधलं. तिला आता शुगर आहे, तरी ती कॉफीत दोन चमचे साखर घालून घेते आणि म्हणते, "आजच्या दिवस." आम्रपाली रायपूरला नर्स आहे. सुट्टीला आली की मशीनकडे बघत नाही, कॉफी मात्र पिते. श्यामराव २०१९ मध्ये गेले.

मशीन सत्यशीलाच्या वैशाली नगरच्या घरात ओट्यावर आहे. त्या घरात ज्याला कॉफी पाहिजे, त्याने आपली आपण दळायची. गॅस सिलेंडरवाला असो की जावई. सत्यशीला फक्त बिया टाकते आणि बाजूला होते. दांडा इतका कुरकुरतो की दोन घरं पलीकडे ऐकू जातो. श्यामराव होते तोवर रोज म्हणायचे, "दोन थेंब तेल टाक ना वं तिच्यात."

"नको," ती म्हणायची. "तेल हाताले लागते. मंग हात धुवा लागते."