बोंब-चाचणी

“प्रोग्रॅम बंद करायचा आणि बघत बसायचं, कोण बोंब मारतो,” लॉकलन म्हणाला. “दिवसभरात कुणीच बोंबललं नाही, तर त्याची गरजच नव्हती असं समजायचं. मग कायमचा बंद.”

जुलै महिना होता, तिकडचा ऐन हिवाळा. टास्मानियातल्या स्मिथटन गावात, बेकरीवरच्या खोलीत, व्हर्ना टकवेल हीटरला पाय लावून बसली होती. वय अडुसष्ट. कुठल्या टँकरने कुठल्या गोठ्यावरचं दूध कधी उचलायचं, ते ठरवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. असले पाच प्रोग्रॅम बाजारात होते. लॉकलनच्या बड्या कंपनीने पाचही गिळले. त्यातले चार बंद केले. दरवर्षी एक, जुलैत, त्यांचं नवं आर्थिक वर्ष लागलं की. एकदाही कुणाची बोंब ऐकू आली नाही. मग तिथल्या शेतकऱ्यांना कंपनीचा तिप्पट महाग प्रोग्रॅम घ्यावाच लागला.

“माझी माणसं मुखदुर्बळ आहेत रे,” व्हर्ना म्हणाली. “गोठा वाहून गेला तरी ‘होईल ठीक’ म्हणतील.”

“नियम म्हणजे नियम, व्हर्ना.”

“बरं बाबा. पण ऑक्टोबरात कर. दहा तारखेला प्रोग्रॅमला तीस वर्षं होतील. केक कापू, मग दाब तुझं बटण.”

लॉकलन काही वाईट मुलगा नव्हता. त्याने तारीख पुढे ढकलली.

दहा ऑक्टोबरला सकाळी सातला केक कापला आणि त्याने बटण दाबलं. टँकर दूध-कारखान्याच्या आवारात उभे. ड्रायव्हर सॉसेज-पाव खात बसले. दुपारपर्यंत एक फोन वाजला नाही. फक्त म्हातारा शेतकरी डगल्ड जिना चढून आला.

“टँकर आला नाही गं आज.”

“मग?” लॉकलनने पेन उघडलं.

“मग काय? होईल ठीक.” केकचे दोन तुकडे घेऊन डगल्ड गेलासुद्धा.

दोन वाजताच लॉकलनने फॉर्म काढला. ‘बोंब मारणाऱ्याचं नाव’ या रकान्यात ‘कुणी नाही’ असं लिहिलं. व्हर्नाने उठून खिडकी उघडली.

तीनला पहिली हंबरली.

टाक्या सकाळच्याच दुधाने काठोकाठ. संध्याकाळचं काढून ठेवायचं कुठे? कास तटतटलेल्या गाई फाटकांवर जमल्या आणि त्यांनी गळा काढला. आधी शंभर, मग हजार, मग अख्खा तालुका. बेकरीतल्या बरण्या नाचायला लागल्या. चर्चची घंटा आपसूक वाजली. समुद्रापलीकडे मेलबर्नमध्ये एका बाईने जहाजाचा भोंगा समजून खिडकी लावून घेतली म्हणतात. तिकडे लॉकलनचे कॅलिफोर्नियातले साहेब फोनवर किंचाळत होते, “काय बोंबलतंय ते? बंद करा आधी!”

“बंद नाही सर,” लॉकलन कानात बोटं घालून ओरडला, “चालू करावं लागेल!”

त्याने बटण दाबलं. टँकर धावले. अंधार पडायच्या आत सगळं शांत झालं. लॉकलनने रकान्यात खाडाखोड करून लिहिलं, ‘गाई. अंदाजे चाळीस हजार.’ नियम म्हणजे नियम. प्रोग्रॅम राहिला.

उरलेला केक खाताना त्याने विचारलं, “वाढदिवस खरंच आज होता का हो?”

“छे! मार्चमध्ये असतो.”

“मग ऑक्टोबर कशाला?”

व्हर्नाने बोटावरचं क्रीम चाटलं.

“जुलैत आमच्या गाई आटलेल्या असतात रे पोरा. तेव्हा कोण बोंबललं असतं?”