फोटोपुरती थांबलेली गाडी

खिडकीतून उडत आलेला कोळशाचा कण पद्माबाईच्या डोळ्यात गेला आणि प्रमोदनं कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं.

"माय, तुला म्हणलं ना, डोकं आत घे."

पदराच्या टोकावर फुंकर घालून ते डोळ्याला लावत पद्माबाई म्हणाली, "आत घिऊन काय बघू? तुजं तोंड?"

समोरच्या बाकावरची माणसं हसली. प्रमोदला हसू आलं नाही. कोळशाच्या इंजिनाची खास गाडी एका दिवसापुरती हिंगोलीहून सुटणार, हे कळल्यावर त्यानं सेनगावातलं मोबाईलचं दुकान बंद ठेवून आईला आणलं होतं. नवी नवरी असताना ती असल्याच गाडीतून सासरी आली होती. खूश होईल, असं त्याला वाटलं होतं. पण सकाळी हिंगोलीला यायला जीपमध्ये बसल्यापासून ती कुरकुरत होती.

"परमोदा, ही थांबती कुठं?"

"कुठंच न्हाई. माळावर जायाचं, फोटो काढायचे आन् माघारी."

"म्हंजी हिंगोलीत बसायचं आन् हिंगोलीतच उतरायचं?"

"व्हय."

"मंग बसलो काहून?"

बाहेर माळ सुरू झाला होता. वाळलेलं कुसळी गवत, खुरट्या बाभळी, मधेच एखादी बोर. इंजिन चढावर धापा टाकत होतं.

चढ संपला तशी गाडी थांबली. "सगळ्यांनी खाली उतरा," कुणीतरी ओरडत गेलं. रिकामी गाडी मागं जाणार आणि धूर सोडत पुन्हा पुढं येणार, म्हणजे सगळ्यांना फोटो नीट मिळतील. प्रमोदनं आईला हाताला धरून उतरवलं, बाभळीच्या सावलीला उभं केलं आणि बजावून सांगितलं, "हितून हालायचं न्हाई."

गाडी झोकात आली. काळ्या धुराचा लोट, शिट्टी, चाकांवर वाफ. प्रमोदनं सगळं मोबाईलमध्ये घेतलं. शेवटी आईला त्यात घ्यावं म्हणून वळला, तर सावलीत कुणीच नव्हतं.

पद्माबाई माळावर लांब गेली होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, चप्पल हातात.

"माय! ए माय!" तो धावत सुटला. पायात काटे मोडत होते, मागं लोक डब्यात चढू लागले होते. त्यानं तिला गाठलं तेव्हा त्याला धड बोलताही येईना.

"डोकं फिरलं का तुजं? गाडी सुटून राहिली!"

"सुटू दे."

"आन् निघालीस कुठं?"

पद्माबाईनं चप्पल धरलेला हात पुढं केला. माळाच्या उताराला घरं दिसत होती, त्यांच्यावर विहाराचा निळा झेंडा. "हरिचंदचं गाव हाय त्ये. तुज्या मामाचं. दिवाळीपासून तुला म्हणून राहिले, भाऊ हातरुणावर पडलाय, येक डाव नेऊन घाल. तुला दुकानातून फुरसत न्हाई." ती दम घ्यायला थांबली. "आन् आज कुठंच न जायाला दिवसभर फुरसत गावली."

"नेणार व्हतो ना," प्रमोद म्हणाला, "फुडल्या रविवारी..." आणि तिथंच थांबला. गेल्या रविवारीही तो हेच बोलला होता.

पद्माबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती चालू लागली.

मागं इंजिनानं लांब शिट्टी दिली. पुन्हा एक दिली. प्रमोदनं गाडीकडं पाहिलं, आईच्या पाठीकडं पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि तिच्या मागं निघाला.

"हळू चाल की!" तो खेकसला. "पडलीस तर मामाच्या बाजूला तुजीबी खाट टाकावी लागंल."

गाडी हलली. डब्याडब्याच्या खिडक्यांतून मोबाईल बाहेर आले होते. उन्हातल्या माळावर पुढं अनवाणी म्हातारी आणि मागं भांडत चाललेला तिचा मुलगा, लोक त्या दोघांचा फोटो घेत होते.