मांडीतली गाठ

"मांडीला मार लागला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. शेजारीच बायको बसली होती. या वयात शिडीवर चढणार नाही, असं रंगाऱ्याने तिला कबूल केलं होतं. त्यामुळे शिडीवरून पडल्याचं गिळून टाकत तो म्हणाला, "छे हो! कुठला मार!"

गाठीचा तुकडा तपासला, तर हाडाचा कॅन्सर निघाला. रंगाऱ्याने एकच धोशा लावला, "माझ्या डोळ्यांदेखत पोरीचं लग्न होऊ दे." लेक नर्सिंग शिकत होती. ते अर्धवट सोडून, मामाने घाईघाईत आणलेल्या स्थळाला ती "बाबांसाठी" म्हणून हो म्हणाली आणि सासरी गेली.

पाय कापण्याआधी मोठ्या इस्पितळात तोच तुकडा पुन्हा तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हा कॅन्सर नाही. जोराचा मार बसला की कधी कधी मांसातच हाड तयार होतं आणि ते थेट हाडाच्या कॅन्सरसारखं दिसतं. खरं सांगा, पडला होतात ना?"

रंगाऱ्याने खाली मान घालून होकार दिला.

"म्हणजे चढलातच ना शिडीवर!" बायको हसत, रडत ओरडली.

बाहेर येताच त्याने लेकीला फोन लावला. "पोरी, मला काहीही झालेलं नाही! तुझा बाप ठणठणीत आहे!"

पलीकडे ती हमसून हमसून रडली. मग दार लावल्याचा आवाज आला आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, मग आता मला घरी न्यायला याल?"