मंगळवारचा बंध

आरसेवाले काका जिना उतरले ते धापा टाकतच. शोधपथक गल्लीत शिरलंय, म्हणाले. खिडकीतून बघितलं, आता एकेक दार ठोठावत येतील. जेवायला बसलेल्यांचे हात ताटातच थांबले. मग सगळ्यांनी गाठवालीकडे पाहिलं. आज मंगळवार होता. दारावर तिचा बंध होता.

या घरात सात पंथांचे सात जादूगार लपून राहत होते आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. काका आरसा फिरवून बंध घालायचे, गुरुजी मंत्र पुटपुटून, राखवाली आजी उंबऱ्यावर राखेची रेघ ओढून. गाठवाली कडीला दोऱ्याच्या सात गाठी मारायची. बंध नीट बसला की बाहेरच्याला दार दिसतच नाही, नुसती भिंत दिसते. पण दोन पंथांचे बंध एका दारावर नांदत नाहीत. पहिल्याच वर्षी हौसेनं दोन घालून बघितले, तर चौकट पेटली. तेव्हापासून सातांनी सात वार वाटून घेतले. ज्याचा बंध त्यानंच सोडायचा, मग दुसऱ्यानं घालायचा.

आणखी एक नियम होता, आणि तो फार वाईट होता. ज्याची विद्या आटली, त्यानं घर सोडायचं.

गाठवालीची विद्या गेल्या हिवाळ्यात आटली. पूर्वी सातवी गाठ पडली की दोरा बोटांत गरम व्हायचा. एका मंगळवारी तो झालाच नाही. पुढच्याही नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून जाणार कुठे? वरच्या खोलीत थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला पाठुंगळी घेऊन काय दारोदार फिरायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. दर मंगळवारी ती अगदी मन लावून सात रिकाम्या गाठी मारायची आणि दिवसभर जीव मुठीत धरून बसायची. आजवर पथक या गल्लीत फिरकलं नव्हतं, म्हणून निभावलं.

बाहेर गल्लीतलं पहिलं दार वाजलं. यांचं चौथं होतं.

घाबरायचं काही कारण नाही, असं गुरुजी म्हणाले. आजीनं तर गाठवालीच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तिला सोसवेना. गप्प बसावं तर सगळेच पकडले जाणार. बोलावं तर दोघी बहिणी रस्त्यावर येणार. यात विचार करण्यासारखं खरं तर काही नव्हतं, तरी दुसरं दार वाजेपर्यंत ती ताटावरून उठली नाही.

मग ती उठली. कडीचा दोरा धरला आणि सातही गाठी सोडून टाकल्या. वेड लागलंय का तुला, म्हणून काका तिच्या अंगावर धावून आले.

"गाठी रिकाम्या होत्या," ती म्हणाली. "वर्ष होत आलं. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आम्ही दोघी संध्याकाळच्या आत निघतो. पण आधी कुणीतरी बंध घाला. लवकर घाला."

कुणीही जागचं हललं नाही.

तिला वाटलं, रागावलेत. साहजिकच होतं. ती आजीकडे वळली, एका रेघेला कितीसा वेळ लागतो, ओढ ना, म्हणाली. आजी आपल्या ताटाकडेच बघत राहिली. गुरुजींनी पाण्याचा तांब्या उगाच पुढे ओढला. बाकीचे तिघं एकमेकांची तोंडं बघत होते. तिसरं दार वाजलं, अगदी शेजारचं. तिनं काकांचा दंड धरून त्यांना गदागदा हलवलं आणि आरसा आणा म्हणून विनवलं, तर काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दोन वर्षं झाली, त्या आरशात मला माझंच तोंड दिसतं," ते म्हणाले. "माझ्या शुक्रवारी डोळ्याला डोळा लागत नाही. तुझ्या मंगळवारी तेवढा मी निर्धास्त झोपायचो गं."