बसायची मुभा
सातव्या महिन्यातली पायल साड्यांच्या गठ्ठ्यावर पाच मिनिटं टेकली, म्हणून इतवारी बाजारातल्या साड्यांच्या दुकानानं तिला कामावरून काढलं. बाळ रांगायला लागलं, तेव्हा कामगार न्यायालयात तिच्या वकील मेश्राम मॅडम दुकानाच्या मॅनेजरची उलटतपासणी घेत होत्या. हजेरी, सुट्ट्या, लग्नसराईची गर्दी, प्रश्न संपेनात. याचा आपल्या नोकरीशी काय संबंध, हे पायलला कळेना. शेवटी मॅनेजर कठड्याला रेलून म्हणाला, "साहेब, बसून उत्तरं देऊ का?" न्यायाधीशांनी खुर्ची मागवली. "जरूर बसा," मॅडम म्हणाल्या. "किती वेळ उभे होतात?" "पाऊण तास." "पायल रोज किती तास उभी असायची?" "दहा," मॅनेजर पुटपुटला. न्यायाधीशांनी उत्तर नोंदवलं. निकालात पायलला नोकरी परत मिळाली. दुसऱ्याच दिवशी दुकानातून मैत्रिणीचा फोन आला: "काउंटरमागं स्टूल आले वं. मी बसूनच बोलून राहिली."