कोरा पडदा

हॉस्पिटलमध्ये एकेक रिपोर्ट उघडायला चार-चार मिनिटं लागायला लागली, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलावून घेतलं. एकाच सर्व्हरवर सहा व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात सहा वेगळे संगणक असल्यासारखे, चालत होत्या आणि डिस्क सगळ्यांत मिळून एकच. कोण ती किती वापरतंय, हे त्याने मोजलं. रिपोर्टवाली मशीन बिचारी ताटकळत होती. डिस्क अडवून बसली होती सहावी. तिचं काम एकच, दर सेकंदाला डिस्कचा वेग मोजायचा आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या पडद्यावर आलेख काढायचा.

नऊ वाजता त्याने सहावी बंद केली. रिपोर्ट पटापट उघडायला लागले. अकरापर्यंत पेशंटची रांग संपली आणि ताईंनी कित्येक महिन्यांनी चहा गरम असताना प्यायला.

एवढ्यात साहेब तणतणत खाली आले. "माझा पडदा कोरा का?"

"साहेब, तो आलेखच डिस्क खात होता. आता बघा किती वेग आलाय!"

"आलाय म्हणतोस, पण दिसतोय कुठे?"

"दर पाच मिनिटांनी मोजलं तर चालेल?"

"आणि मधली पाच मिनिटं मी काय बघत बसू?"

त्याने सहावी पुन्हा चालू केली. दुपारी रांग पुन्हा दाराबाहेर गेली.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "अरे, सकाळचे ते दोन तास निदान वरच्यांच्या नोंदीत तरी आले का?"

"आले ना ताई. 'सिस्टीम पूर्ण बंद' म्हणून. माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय."