लंडनचे चार फोटो

चार वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून नचिकेत लंडनला गेला, त्यानंतर त्याने घरचा फोन कधी उचलला नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र तो बाहेर पडला नव्हता. तेवढ्या आधारावर त्याच्या आईवडिलांनी, लीलाताई आणि जनार्दनरावांनी, झाशीहून लंडनची टूर घेतली.

रोज सकाळी लीलाताई ग्रुपवर लिहायच्या. "बाळा, आज अकरा वाजता मोठ्या घड्याळापाशी आहोत. पिवळ्या टोप्या घातल्यात." दुसऱ्या दिवशी, "आज राजवाड्यासमोर. बाबा रागावणार नाहीत." नचिकेतने वाचल्याचं लगेच दिसायचं. उत्तर यायचं नाही.

टूरमधले सगळे घड्याळ बघत, पूल बघत. हे दोघं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत. गाइड दिवसातून एकदा "आंटी, इधर देखिए" म्हणून दोघांचा फोटो काढायचा, तेवढ्यापुरतीच त्यांची नजर गर्दीवरून हटायची. चौथ्या दिवशी जनार्दनरावांनी स्वतः लिहिलं, "माझं चुकलं. ये." तेही नचिकेतने वाचलं. संध्याकाळी बस विमानतळाकडे निघाली.

झाशीला परतल्यावर ते फोटो उघडून बघायचीही दोघांना इच्छा होईना. पण शेजारणी मागे लागल्या, म्हणून लीलाताई बडा बाजारातल्या स्टुडिओत प्रिंट काढायला गेल्या. दुकानदार कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून बघत होता.

 

"आंटीजी, ये भैया भी आपके टूर में थे क्या? चारों फोटो में आपके पीछे खड़े हैं।"